तांबूच्या केसांना तेल

कुणाच्याही घरी गेली की ती आधी सोफ्यावर हात फिरवायची, आणि तोही उलटा. मग खुर्चीवर पडलेल्या लोकरी स्वेटरवर, मग गालिच्यावर. मुलं हाताशी लागली तर त्यांच्या डोक्यावर, मानेपासून वर कपाळाकडे. तळहाताखाली केस उभे राहिले की मान डोलवून म्हणायची, "चांगलंय. वाढेल." माझी मुलगी किंचाळायची, "मम्, शी डिड इट अगेन!" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं काम त्याच्या हातांना चिकटून घरोघर येतं. हिचं काम होतं गाईंचे केस वाढवायचं.

हसू नका. मी हसून घेतलंय तेवढं पुरे.

ब्रिस्बेनच्या कडेला स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये आमचं घर आहे आणि घरामागे छोटा ग्रॅनी फ्लॅट. तो तिने भाड्याने घेतला तेव्हा आम्हाला वाटलं, मराठी मुलगी आहे, एकटी आहे, कुठेतरी सॉफ्टवेअर टेस्टिंग नाहीतर अकाउंट्स करत असेल. इथे आमच्यात दुसरं काय असतं? पण ती शेतीचं शिकायला इथल्या युनिव्हर्सिटीत आली होती आणि गाईंतच रमली. पहाटे गाडी काढून गॅटनच्या पुढे एका फार्मवर जायची. तिथल्या शॉर्टहॉर्न जातीच्या गाई प्रदर्शनात उतरायच्या. प्रदर्शनातल्या गाईचे केस दाट, मऊ आणि उभे हवेत, म्हणजे अंग भरलेलं दिसतं. ते आपोआप उभे राहत नाहीत, त्यांना वळण लावावं लागतं. रोज गार पाण्याने धुवायचं, राठ ब्रशने केस पुढे आणि वर ओढायचे, मोठ्या ब्लोअरने मागून पुढे वाळवायचे, मग विरळ दातांच्या स्टीलच्या कंगव्याने पिंजायचे. असं महिनोन्‌महिने.

"आणि एक दिवस चुकला तर?" मी विचारलं होतं.

"तर ते झोपतात. आळशी असतात केस. माणसांपेक्षा बरे, पण आळशी."

क्वीन्सलँडच्या उन्हाळ्यात गाईंचे केस गळतात, म्हणून त्यांच्या गोठ्यात दिवसभर पंखे चालू. इकडे आम्ही बिलाच्या धास्तीने एसी बंद करून घाम पुसत बसायचो. तिचे कंगवे आमच्या दोरीवर चिमट्यांना लटकलेले असायचे, माझ्या कुर्त्यांच्या शेजारी. जुना ब्लोअर गॅरेजमध्ये होता. माझा नवरा एकदा त्याने गाडी वाळवायला गेला आणि शेजाऱ्याचं अख्खं वर्तमानपत्र कुंपणापलीकडे उडालं. तिचे स्वतःचे केस मात्र मुलासारखे बारीक कापलेले. "दिवसभर दुसऱ्यांचे सांभाळते," म्हणायची, "माझे कोण सांभाळणार?"

गणपतीला, संक्रांतीला मी तिला ओढून न्यायची. ती अंघोळ करून, अत्तर लावून यायची, तरी चाऱ्याचा एक वास राहायचाच. वाईट कुणी नव्हतं. कुणीतरी हसून विचारायचं, "गाईंना शाम्पू कुठला लावतेस गं?" आणि ती खरंच सांगायला लागायची, अगदी मन लावून. तोवर विचारणारा घरांच्या किमतींकडे वळलेला असे. मग ती एका कोपऱ्यात ताटली धरून उभी राहायची आणि लवकर निघायची. "पहाटे धुवायचंय."

रविवारी दुपारी मागच्या पायरीवर बसून ती आईला फोन लावायची, स्पीकरवर. आई फलटणला, निवृत्त शिक्षिका, घरात एकटीच. आवाज वर्गात घुमावा तसा.

"कधी येतेस?"

"आई, शोचा सीझन आहे."

"ढोरं धुवायला एवढ्या लांब राहायचं? इथे काय ढोरं नाहीत? घर आहे, मी आहे. ये आता."

फोन ठेवला की ती बराच वेळ तिथेच बसून असायची. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "एकदा तिने येऊन बघावं गं फक्त. बघून जर म्हणाली की हे सोड, तर सोडते. खरंच जाते परत. पण न बघता नको म्हणायला."

आणि आई आली. त्या हिवाळ्यात, शोच्या आधी आठवडाभर. फार्मच्या मालकाने लेकीला एक कालवड दिली होती, तांबडीपांढरी, तांबू. स्वतःची म्हणून एखादी गाय ती पहिल्यांदाच रिंगणात उतरवणार होती. वर्षभर तिने त्या कालवडीचे जेवढे लाड केले तेवढे मी माझ्या पोटच्या पोरीचे केले नाहीत.

विमानतळावर आईने आधी लेकीच्या डोक्याला हात लावला. इप्सविच मोटरवेपर्यंत त्या तिच्या डोक्याकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "माका, जास्वंद, मेथी घालून घरी खोबरेल कढवून आणलंय. आणि तू तेल लावायला डोकंच ठेवलं नाहीस."

शोच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या आईला, काकूंना, घेऊन मैदानावर गेले. शेडमध्ये तांबू धुवून, कातरून, पिंजून उभी होती. मखमल म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. लेक ऑफिसात नोंदणीला गेली, मी चहा आणायला गेले. काकू म्हणाल्या, "मी बसते हिच्याजवळ."

चहा घेऊन परत आले तर काकूंनी पदर खोचला होता आणि कोपरापर्यंत तेल होतं. मानेपासून शेपटीपर्यंत तांबूची चंपी चालली होती. तांबूने डोळे मिटलेले.

"बिचारीचे केस कोरडे पडलेत हो अगदी," काकू म्हणाल्या. "रोज धुवून धुवून. केस वाढवायचे तर तेल नको?"

मला एवढ्या दिवसांत एवढं कळायला लागलं होतं. तेल लागलेले केस उभे राहत नाहीत. वर्षभराचं वळण एका दुपारी झोपलं होतं.

तेवढ्यात ती आली. दारात थांबली. तिने तांबूकडे पाहिलं, मग आईच्या हातांकडे. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. ती जवळ आली, आईच्या खांद्याला टेकली आणि म्हणाली, "छान लावलंस. आहे का अजून?"

"संपलं की गं सगळं," आई म्हणाली. "तुझ्यासाठीच आणलं होतं. तुझ्या डोक्यावर कुठे लावू?"

मला तिने डोळ्यांनी खूण केली. मी काकूंना चिप्स खायला घेऊन गेले आणि मुद्दाम सगळे स्टॉल हिंडवले. इकडे ती भांडी धुवायचं लिक्विड घेऊन बसली. पण थंडीत खोबरेल थिजतं, आणि गार पाण्याने ते काय निघणार? चहावाल्याकडून गरम पाण्याच्या बादल्या आणल्या, पुन्हा धुतलं, पुन्हा ब्लोअर. शेजारच्या कप्प्यातला म्हातारा येऊन बघून गेला. "टफ लक, मेट," म्हणाला आणि आपला ब्रश देऊन गेला.

सकाळी तांबूचे केस बटा बटा होऊन अंगाला चिकटलेले. रिंगणात बाकीच्या गाई गुबगुबीत, आणि मधे आमची, नुकती न्हाऊन आल्यासारखी. परीक्षकाने तिच्या पाठीवर हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि सावकाश पँटला पुसला.

"बघा, कशी चमकतेय!" काकू मला कोपर मारत म्हणाल्या. "बाकीच्यांच्या नुसत्या पिंजारलेल्या. कुणी विंचरत नाही वाटतं त्यांना."

तांबू शेवटची आली. पण काकू निकालाकडे बघतच नव्हत्या. लेकीने दोरी जरा सैल केली की कालवड थांबत होती, पायाला काठी नुसती टेकवली की पाय नीट ठेवत होती. काकू ते बघत होत्या. लेक बाहेर आली तेव्हा त्या म्हणाल्या, "परीक्षकाला नजर नाही मेल्याला. आणि तुझं किती ऐकते गं ती! एवढ्या वर्षांत वर्गात माझं कुणी असं ऐकलं नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "राहा तू इथेच. मी नाही आता बोलवायची."

ती हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. तेलाबद्दल ती आईला कधीच काही बोलली नाही. मीही नाही. मला ती त्या दिवशी फार आवडली.

आई परत गेली. रविवारचे फोन चालू राहिले, पण आता सगळं तांबूबद्दल. तांबूने खाल्लं का, तांबूला तेल लावतेस का, तांबूचा फोटो पाठव, शेजारणीला दाखवायचाय. लेक आनंदात होती. निदान सुरुवातीला. पुढे मी पाहिलं, फोन झाल्यावर ती पूर्वीपेक्षा जास्त वेळ पायरीवर बसायला लागली.

मग ती दक्षिणेला गेली, खाली व्हिक्टोरियात. तिथे थंडी असते, केस चांगले वाढतात. तांबूलाही घेऊन गेली. घराच्या आजूबाजूला मैलभर कुणी नाही, असं तिने कौतुकाने सांगितलं होतं. ग्रॅनी फ्लॅटमध्ये आता टेस्टिंग करणारा एक मुलगा राहतो. दोरीवर त्याचे नुसते टी-शर्ट वाळत असतात.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. हवापाणी झालं, गाई झाल्या. मग म्हणाली, "आईला म्हटलं, दिवाळीला येऊ का? तर म्हणाली, कशाला गं, तांबूला कोण बघेल?"

"प्रेमाने म्हणाल्या असतील," मी म्हटलं.

"हो, प्रेमानेच." मग म्हणाली, "तू विचार ना मला एकदा. कधी येतेस म्हणून."

मी विचारलं. ती रडायला लागली. मी फोन तसाच कानाला धरून बसले.