गिरजाबाईचा चोरीचा दगड

गिरजाबाईनं जन्मात एकच चोरी केली, आणि तीही दगडाची. ऐकणाऱ्याला हसू येईल, येऊ द्या. पण कारीटोल्यात दगडाला दगड म्हणत नसत, माल म्हणत. मँगनीजचा काळा, जडशीळ माल. तुमसरच्या पलीकडं जंगलाला लागून ती खदान होती आणि खदानीच्या आधारानं चार ओळी क्वार्टरं, एक दवाखाना, एक किराणा दुकान आणि शनिवारचा बाजार. एवढंच गाव.

पुरुष खाली खोदत आणि बायका वर ओळीनं बसून हातोडीनं दगड फोडत. चांगला माल एकीकडे, मुरूम दुसरीकडे. साहेब लोक ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत, पण कोणता दगड आगगाडीत चढायचा आणि कोणता ढिगाऱ्यावर जायचा, हे ठरायचं बायकांच्या हातात. त्यातही गिरजाबाईचा हात म्हणजे काटा. दगड नुसता उचलला की तिला कळे, किती माल आणि किती माती. मुकादमाला शंका आली की तो तिच्यापुढं आणून ठेवी. ती वर न बघता दगड या नाहीतर त्या बाजूला टाके आणि मनातल्या मनात फुगे. तिला दुसरा कसला गर्व नव्हता, तेव्हा एवढा असू द्यायला हरकत नाही.

अडुसष्टच्या पावसाळ्यात तिची चौदा महिन्यांची पोरगी गुलाब तापानं गेली. दवाखान्यात डॉक्टर त्या आठवड्यात आलाच नव्हता. नवरा श्यामराव आणि शेजारचे दोघं पोरीला क्वार्टरांमागच्या पडीक जागेत पुरून आले. तिथं माल नव्हता, म्हणून तिथं कोणी कधी खोदणार नाही, असा हिशेब. वर ढिगाऱ्यावरच्या मुरमाचे चार पांढरे दगड ठेवले, बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि झालं.

गिरजाबाईला ते चार दगड सहन होईनात. ज्या मुरमाला ती दिवसभर हातानं भिरकावत होती, तोच तिच्या लेकीच्या उरावर! आठव्या दिवशी ती कामावर गेली. दुपारी तिच्या पुढ्यात एक दगड आला, दहा-बारा किलोचा, निळसर काळा, एक कण मुरूम नाही. असा दगड वर्षातून एखादा. तिनं तो पोटाशी बांधला आणि वरून लुगडं ओढून घेतलं. फाटकावर बायकांची झडती होई. खिशात मावेल एवढा तुकडा सापडला तरी दुसऱ्या दिवशी काम बंद. पण फाटकावरच्या शिपायाला ठाऊक होतं, हिची पोरगी नुकतीच गेली. त्यानं मान खाली घातली आणि तिला तसंच जाऊ दिलं. लेकीच्या मरणाचा तिला जगात झालेला एवढाच उपयोग.

दिवेलागणीला दोघांनी तो दगड अर्धा जमिनीत गाडला. चोरीचा माल, तेव्हा कोणाला सांगायची सोय नव्हती. श्यामराव म्हणाला, "आता कोनाले बोलू नको." ती बोलली नाही.

बहात्तर साली खदान बंद झाली. माल खोल गेला, परवडत नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि साहेब आधी गेले. मग माणसं गेली. श्यामराव बायकोला आणि नऊ वर्षांच्या धनीरामला घेऊन जवाहरनगरला आला, तिथल्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत बांधकामावर लागला आणि सात वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेला. धनीराम पुढं कारखान्यात लागला, क्वार्टर मिळालं, सून आली. गिरजाबाईला वाईट म्हणावं असं काही राहिलं नाही आणि बोलावं असं माणूसही राहिलं नाही. शेजारी कोणी बंगालचे, कोणी केरळचे. बायका तिच्याकडं तांदूळ निवडायला आणत, कारण गिरजाबाईनं निवडलेल्या तांदळात खडा सापडत नसे. पसाभर तांदळाला तिला किती वेळ लागणार? ते झालं की ती हात मांडीवर ठेवून बसे आणि कारखान्याच्या बसगाड्या मोजी.

इतक्या वर्षांत ती कारीटोल्याला एकदाही गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं होत गेलं. आणि खरं सांगायचं तर तिला घाई वाटत नव्हती. माणसं जातात, दगड कुठं जातो?

शहाऐंशीच्या हिवाळ्यात धनीरामची बदली जबलपूरला झाली. सामान बांधायला काढलं, तेव्हा गिरजाबाई म्हणाली, "मी एकडाव कारीटोल्याले जाऊन येतो."

"माय, तठी आता का आहे? पडके घरं. कायले जातं?"

"आहे काही," ती म्हणाली. पोरगी गेली तेव्हा धनीराम पाच वर्षांचा होता. त्याला बहीण आठवत होती की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि आता विचारून काय करायचं होतं? जबलपूरहून काही परत येणं होणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिला त्या दगडावर एकदा हात ठेवायचा होता.

एसटीनं तुमसर, तिथून दुसरी गाडी आणि पुढं कोसभर पायी. कारीटोल्यात क्वार्टरांच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. छपरावरचे कवेलू, दारं, खिडक्या, ज्याला जे जमलं ते त्यानं नेलं होतं. खदानीच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं होतं. बाजाराच्या जागेवर रायमुनीच्या काटेरी झुडपांचं रान. ती आपल्या क्वार्टरासमोर उभी राहिली आणि तिला ते लगेच ओळखताही आलं नाही. याचं तिला फार वाईट वाटलं.

एकाच घरातून धूर निघत होता. किराणा दुकानवाला बाबूलाल तेवढा राहिला होता. बायको गेली, मुलं लाखनीला, पण हा हलला नाही. गिरजाबाईला बघून म्हाताऱ्याचा आनंद पोटात मावेना.

"वहिनी! श्यामरावची गिरजाबाई ना जी? या, या, बसा. महिना झाला, मानसाशी बोललो नाई मी."

चहा झाला. कोण मेलं, कोण कुठं गेलं, हे झालं. गिरजाबाई ताकाला जाऊन भांडं लपवत होती. इतक्या वर्षांची चोरी, एकदम कशी सांगायची? तिनं उगाच विचारलं, "भाऊ, क्वार्टरामांगं आता कोनी जाते का?"

"तठी?" बाबूलाल हसायला लागला. "अवो, तठी तं मोठी गंमत झाली! ब्याऐंशी साली एक ठेकेदार आला होता, जुन्या ढिगाऱ्यातला माल वेचाले. मले त्यानं देखरेखीले ठेवलं. एक दिवस मी मांगं गेलो तं मले एक दगड भेटला. अर्धा मातीत. का दगड होता, वहिनी! अख्खा माल, एक दाना मुरूम नाई. ठेकेदार म्हने, असा माल म्या जिंदगीत नाई पायला."

गिरजाबाईला क्षणभर बरं वाटलं. आपल्या हातानं निवडलेला दगड! आणि दुसऱ्याच क्षणी, बरं वाटलं म्हणून तिला स्वतःची किळस आली.

"मंग?" तिनं विचारलं.

"मंग का? ठेकेदार म्हने, वर असा दगड आहे तं खाली खजिना असन. मशीन आनली. पंधरा दिवस पूरी जागा खोदली, उलटीपालटी केली. खाली निंघालं का? काहीच नाई! बुडाला बेटा." बाबूलालनं मांडीवर थाप मारली. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. "का झालं जी?"

तिनं सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. अठरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, आणि एवढीशीच निघाली.

तिनं तिथं मुरमाचे चार दगड राहू दिले असते, तर तिथं कोणी फिरकलं नसतं. दोघांनाही ते कळत होतं.

बाबूलाल उठला. "चला," म्हणाला. क्वार्टरांमागं सगळीकडं खाचखळगे होते आणि त्यांवर गवत. म्हातारा इकडं जाई, थांबे, मागं येई, पुन्हा पुढं जाई. शेवटी एका ठिकाणी त्यानं काठी रोवली.

"अठीच, वहिनी. म्याच उचलला होता ना दगड. लेकराची आन घेऊन सांगतो, अठीच."

गिरजाबाईनं खाली पाहिलं. पायाखाली तांबूस मुरूम होता. दगड गाडला तिथली माती पिवळी होती, तिला पक्कं ठाऊक होतं. ही जागा ती नव्हती. बाबूलालला जागा आठवत नव्हती आणि आता ती कोणालाच माहीत नव्हती.

"हो भाऊ," ती म्हणाली, "अठीच."

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "मी पानी आनतो," म्हणून तो घराकडं वळला.

तो दिसेनासा झाला, तरी ती उभीच होती. जागा ठाऊक असली की माणूस जाऊन बसतो. नसली, तर हाक मारावी लागते. पोरगी गेल्यापासून तिनं ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. तिनं घसा साफ केला आणि तिन्हीसांजेला अंगणात खेळणाऱ्या लेकराला बोलवावं तशी, त्या खाचखळग्यांच्या जमिनीकडं तोंड करून ओरडली,

"गुलाब! ए गुलाब! कुठी आहेस वं माय?"