शालूच्या मापाची बांगडी

सोजरबाई कासारणीचं तोंड आठ दिवस बंद ठेवायचं, तर त्याला सोन्याच्या दोन पाटल्या मोजाव्या लागतात, हे बुधवार पेठेला सवाई माधवरावांच्या अमदानीत कळलं.

एरवी बांगड्या भरता भरता बाई अख्ख्या पेठेची खबर काढायच्या. डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती, पण धंद्याचं काही अडलं नव्हतं. हात हातात आला की मापही कळायचं आणि हाताची मालकीणही.

"काय गं उल्का, सासूबाई गावाला गेल्यात वाटतं? हात कसा लोण्यासारखा झालाय!"

उल्का हसता हसता हात सैल सोडायची आणि तेवढ्यात बांगडी चढलेली असायची. रंगांची सोय नवऱ्यानं, दिगंबरनं, करून ठेवली होती. हिरव्या माळेच्या दोरीला एक गाठ, लालला दोन, पिवळ्या लिंबीला तीन.

अडायचं ते एका ठिकाणी. लेक शालू नऊ वर्षांची होती तेव्हा डोळ्यांपुढचं धुकं दाट झालं, ते हटलंच नाही. दहाव्या वर्षी पोर धायरीला सासरी गेली. सणावाराला यायची, आई तिचा हात चाचपायची, थोरल्या मापाची बांगडी चढवायची. लेक वाढली ती आईला अशी मापामापानं कळली. तोंड मात्र नऊ वर्षांचंच राहिलं, पुढच्या दोन दातांत फट असलेलं.

आणि त्या साली जावई मच्छिंद्र फौजेच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावायला उज्जैनला निघाला, शालूला घेऊन. कूच दसऱ्यानंतर, वद्य पंचमीला. परत कधी, ते फौजेलाही ठाऊक नव्हतं.

नेमका तेव्हाच ओंकारेश्वरापाशी डोळ्यांचा वैदू येऊन उतरला. सुईनं डोळ्यातला पडदा खाली लोटतो, म्हणे. एक पाटली आधी, दुसरी पट्टी सोडल्यावर.

"अगं, तुझ्या हातांना दिसतंय की सगळं," दिगंबर म्हणाला. "उभ्या जन्मात त्या दोन पाटल्या झाल्या तुझ्या."

"अहो, हातांना शालूचं तोंड नाही दिसत." बाईंनी पाटल्या उतरवून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "पेठेचे हात भरतेय, माझे राहू द्या चार दिवस काचेचे."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुई लागली. डावा डोळा वैदूनं घेतलाच नाही, तो कामातून गेला होता. उजव्याचा पडदा लोटून दोन्ही डोळे बांधले आणि बजावलं, "सात दिवस उताणं पडायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. पडदा वर आला की मग देव आला तरी डोळा नाही."

झालं! सोजरबाई गप्प! दिगंबर दुकान सांभाळायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "वीस वर्षांत या घरात माझा आवाज मला पहिल्यांदा ऐकू येतोय." आत बाई खाटेवर मुठी आवळायच्या. हिशेब सोपा होता. तृतीयेला पट्टी सुटणार, पंचमीला कूच. लेकीचं तोंड बघायला मधे दोन दिवस.

चौथ्या दिवशी दुपारीच शालू दारात.

"आप्पा, मुहूर्त अलीकडं आणला. उद्या सकाळीच निघायचंय."

सोजरबाईंचा हात सरळ पट्टीच्या गाठीकडं गेला. शालूनं तो मधेच धरला.

"आई, नको. आत्ता सोडलीस तर मलाही नाही बघायचीस आणि कुणालाच नाही. मी परत येईन तेव्हा कशानं बघशील?"

हात बराच वेळ तसाच राहिला. मग हळूच खाली आला. बाईंनी एक बोट वर करून हिरवी माळ मागितली. दिगंबरनं एका गाठीची माळ दिली. पडल्या पडल्या, बांधल्या डोळ्यांनी, लेकीचा हात आपल्या छातीवर ठेवून त्यांनी बांगड्या भरल्या. इतक्या सावकाश त्यांनी कुणाच्याच भरल्या नव्हत्या. शेवटची चढली तरी मनगट सोडेनात. शालूनं एकेक बोट सोडवलं आणि ती गेली. बाई रडल्या नाहीत. वैदूनं सांगितलं होतं ना.

पट्टी सुटली. माणसाच्या जागी माणूस दिसायला लागला, नाकडोळ्यांशिवायचा. जवळचं सगळं विरघळलेलं. सुई ओवता येईना, तांदूळ निवडता येईनात. पण रंग! रंग अगदी लख्ख. बाईंनी दुसरी पाटली देऊन टाकली आणि आधी आपल्या माळा बघायला घेतल्या.

"अहो, ही एका गाठीची ना?"

"हो."

"मग हिच्यात लिंबी कशी?"

दिगंबरनं माळ दारातल्या उजेडात धरली. ते चार दिवस दुकान एकट्यानं सांभाळताना त्यानं फुटकळ बांगड्या जवळच्याच दोरीत ओवल्या होत्या.

"एकच आहे गं."

"आणि शालूला घातल्या त्या?"

"याच माळेतल्या. गेली असेल त्यांच्यात एखादी."

"म्हणजे हिरव्यांत लिंबी घालून लेक उज्जैनला धाडली मी! कासारणीची लेक! आणि तिनं बघितलं, तरी बोलली नाही." बाईंनी माळ त्याच्या हातातून ओढून घेतली. "मी बोलेन आणि डोळा जाईल म्हणून बोलली नाही."

त्या दिवसापासून शालूच्या मापाची एक हिरवी बांगडी दुकानातल्या खुंटीला टांगलेली असायची. गिऱ्हाईक मागायचं, तर बाई म्हणायच्या, "ती विकायची नाही. बदलून द्यायचीय."

दोन वर्षांनी नवऱ्याबरोबर फौजेतून परतलेली पेठेतली शकू बांगड्या भरायला आली आणि आपणहून सांगू लागली, "तुमची शालू भेटायची की तिकडं. हिरव्या सगळ्या वाढल्या तिच्या, दोनदा नव्या भरल्या. ती पिवळी मात्र काढू देत नाही. नवरा रोज म्हणतो, माझ्या दुकानाची अब्रू काढतेस. तर म्हणते, आईच बदलेल."

सोजरबाईंनी पदरानं उजवा डोळा पुसला. वैदूची बंदी केव्हाच संपली होती. मग शकूचा हात दाबत त्यांनी हळूच विचारलं, "दिसते कशी गं? दातांतली फट आहे का अजून?"

"फट? तसं काही नीट बघितलं नाही बाई."

"दोन-दोन डोळे धडधाकट," सोजरबाई म्हणाल्या, "आणि बघितलं नाही!" आणि शकूच्या हातात त्यांनी बांगडी जरा जोरातच चढवली.