चौदा नंबरच्या चादरी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त वाफ्याची होती, आणि त्याचं खपून जायचं ते तो मोठ्या रोलरवर तिचा जोडीदार होता म्हणून. रोलरला दोन माणसं लागतात. एकाने ओल्या चादरीची टोकं धरून ती तापलेल्या रुळांत सरकवायची, दुसऱ्याने पलीकडून येणारी चादर झेलून घडी घालायची. घडीचं काम गेली बावीस वर्षं कडकबाईचं. कडेला कड मिळाली नाही तर ती अख्खी चादर झटकून पुन्हा घडी घालायची, मग वरच्या वॉर्डांतून फोनवर फोन का येईनात. "बाई, त्या चादरीवर माणूस झोपणार आहे, तिची काय सोयरीक जमवायचीय?" असं वाफ्या म्हणायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

देवाच्या बाबतीतही तिची रीत हीच. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला घंटा वाजायच्या आधी हजर. प्रभूच्या मेजावर अंथरायचं पांढरं कापड धुऊन, इस्त्री करून आणायचं काम तिने दुसऱ्या कोणाला कधी करू दिलं नाही. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी उठून त्या मेजाजवळ प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला जायची, तेव्हा ही शेवटच्या बाकावर बसून राहायची. नऊ वर्षं बसून राहिली.

त्यांच्या मंडळीत शिकवण अशी, की कोणाशी बिनसलेलं असेल तर आधी त्याच्याकडे जायचं, समेट करायचा, मग मेजाजवळ यायचं. कडकबाईने यातलं सोयीचं तेवढं उचललं. बिनसलंय ना, मग मेजाजवळ जायचं नाही. समेटाला उठून जायचं तेवढं राहिलं. आणि गंमत म्हणजे हे बसून राहणं तिला आज्ञापालन वाटायचं. बाकीचे मनात काय काय ठेवून खुशाल पुढे जातात, मी निदान देवाशी खोटं वागत नाही, असं तिचं म्हणणं. अहो, उपाशी राहण्याचाही तोरा असतो माणसाला.

बिनसलं होतं ते धाकट्या बहिणीशी. आई शेवटच्या दुखण्यात धाकटीकडे होती. थोरली, म्हणजे आपली कडकबाई, दिवसा लॉन्ड्रीत आणि संध्याकाळी आईपाशी. दोघींचं ठरलं होतं की आईचं जरा कमी-जास्त वाटलं तर धाकटीने लगेच फोन करायचा. फोन आलाच नाही. थोरली सकाळी पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. धाकटी रडत काहीतरी सांगायला गेली, पण ऐकून कोण घेतंय? दफनाच्या वेळी चारचौघांत थोरली म्हणाली, "आज माझी आईही गेली आणि बहीणही गेली." पुढे धाकटी तीनदा तिच्या दारात आली. तिन्ही वेळा हिने साखळी न काढता फटीतून सांगितलं, "मला काम आहे." चौथ्यांदा ती आली नाही.

आणि मग एका शुक्रवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डातल्या मावशी धुतलेले कपडे न्यायला खाली आल्या. गाडीवर चादरी रचता रचता म्हणाल्या, "चौदा नंबरला एक पेशंट आहे. दोन आठवडे झाले. पोटाचं दुखणं आहे, काही खरं नाही म्हणतात. ती विचारत होती, लॉन्ड्रीत माझी ताई आहे, तिला सांगाल का म्हणून."

कडकबाईच्या हातातली घडी चुकली. वाफ्याने पाहिलं, आणि एक चादर रुळांत सरकवली.

"सांगितलंत ना? बरं," ती म्हणाली, आणि पुढची चादर झेलली.

त्या दिवशी तिचा पाय काही वर वळला नाही. पण काळीज काही दगडाचं नव्हतं तिचं. दुसऱ्या दिवशी तिने ढिगातून चांगल्या चार चादरी निवडल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या, पण कुठे विरलेल्या नाहीत अशा. त्या वेगळ्या धुतल्या. साबणाचा वास राहू नये म्हणून पाण्यातून तीनदा काढल्या. खळ लावली नाही, आजाऱ्याच्या अंगाला टोचायला नको. हातानेच इस्त्री केली आणि मावशींच्या गाडीवर ठेवत म्हणाली, "या चौदा नंबरच्या. दुसऱ्या कोणाला घालू नका."

मग हे रोजचंच होऊन बसलं. रोज चौदा नंबरची वेगळी घडी. आज चादर, उद्या उशीचा अभ्रा, परवा पांघरूण. बावीस वर्षांत तिने इतकं मन लावून काही धुतलं नसेल. घडी घालताना ती प्रार्थनाही करायची, देवा, तिला आराम पडू दे. आणि दरवेळी, अगदी दरवेळी, प्रार्थना संपता संपता मनात एकच यायचं: वर जा. ते कुठून येतंय हे तिला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर ती घाईघाईने "आमेन" म्हणून पुढचा अभ्रा उचलायची. जिथे स्वतः जायचं तिथे ती कपडे पाठवत होती.

मध्ये महिन्याचा पहिला रविवार आला. ही नेहमीप्रमाणे बसून राहिली. आधीचे पाळक मोठे भिडस्त, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. नवे पाळक वर्षभरापूर्वीच आलेले. उपासना संपल्यावर ते तिच्या बाकाशी आले.

"बाई, तुम्ही घेत का नाही?"

"मन साफ नाही माझं."

"ते साफ करायला कोणाकडे जायचं, ठाऊक आहे?"

"आहे."

"मग इथे कशाला बसलात?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेलं पोर मला शिकवतंय, असं पुटपुटत ती घरी गेली. दोन दिवस ते टोचत राहिलं.

बुधवारी मावशी खाली आल्या त्या चौदा नंबरची घडी तशीच हातात घेऊन. "घेत नाही म्हणते ती. म्हणते, चादरी पुरे झाल्या. ताईला पाठवा."

वाफ्याने रोलर बंद केला. चालू कामात रोलर बंद करायचा नसतो, साहेब ओरडतात. "बाई," तो म्हणाला, "जा आता." त्यात कसली थट्टा नव्हती.

कळलं त्या शुक्रवारनंतरचा हा तिसरा बुधवार होता. मधे एकोणीस दिवस गेले होते. जिने चढताना तिने ते मोजले आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिली. मला बोलावलं नाही म्हणून नऊ वर्षं बोलले नाही मी. आणि बोलावलं तर एकोणीस दिवस गेले नाही मी. तिला स्वतःची अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

खाटेवर धाकटी ओळखू येत नव्हती. पार चिपाड झालेली. डोळे तेवढे तिचे होते. थोरली पायथ्याशी उभी राहिली. धाकटी काय बोलेल ते सगळं तिने जिन्यावर मनात म्हणून पाहिलं होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य तिला कबूल होतं. धाकटीने कष्टाने पाय सरकवून खाटेवर जागा केली.

"बस गं ताई. जिन्याने आलीस? किती घाम आलाय तुला."

बस्स, एवढंच. बोलणी खायच्या तयारीने गेलेल्या माणसाला बसायला जागा मिळाली. देवाचं प्रेम कसं असतं ते तिने जन्मभर प्रवचनांत ऐकलं होतं, मान डोलावली होती. पण आपण काही केलेलं नसताना, उलट करायचं तेच टाळलेलं असताना, कोणी आपल्यासाठी सरकून जागा करतं, हे तिला त्या खाटेच्या कडेवर बसल्यावर कळलं. ती ढसाढसा रडली. धाकटीने रडू दिलं.

मग धाकटीनेच सांगितलं. "त्या दिवशी आईला जरा बरं वाटत होतं. पेज प्याली. मी चार रात्रींची जागी, खुर्चीतच डोळा लागला माझा. जागी झाले तर ती नव्हती. फोन कसला करणार होते, ताई? मलाच कळलं नाही." थोडा वेळ ती दम खात राहिली. "माझ्या घराजवळ दुसरं हॉस्पिटल होतं. डॉक्टर तिकडेच पाठवत होते. मीच म्हटलं, नको, तिथे खाली माझी ताई असते."

आता खरं तर तिथल्या तिथे म्हणायचं होतं, तुझी काही चूक नव्हती, चुकले ती मी. सहा-सात शब्द. थोरलीच्या ते अगदी ओठांवर आलं. पण कडकबाई ती कडकबाई. असं रडत, नाक पुसत, घामेजल्या कपड्यांत कसं म्हणायचं? नीट म्हणायला हवं. तिने फणी मागून घेतली आणि धाकटीचे केस विंचरायला लागली.

गुरुवारी काम संपल्यावर ती पुन्हा गेली. धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्या पाळकांना बोलव. दोघी मिळून भाकर घेऊ. मी नऊ वर्षं घेतली नाही."

"तू का नाही?"

"तुझ्या मनात माझ्याबद्दल असं असताना कशी घेऊ? तीनदा आले होते मी. नंतर पाय निघेना. मग बसूनच राहायचे मागे."

थोरलीला वाटलं, कोणीतरी तोंडात मारली. आपला उपास आपल्यापुरता आहे असं समजून ती नऊ वर्षं मिरवत होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या एका देवळात, तिच्यापायी तिची बहीणही मागच्या बाकावर उपाशी बसत होती.

"बोलवते," ती म्हणाली. "रविवारी उपासना झाली की घेऊन येते त्यांना."

"आजच बोलव ना."

"आज कसं गं? मेजावरचं कापड धुवायला हवं. तुला नीट आंघोळ घालते, चांगली चादर घालते. सगळं व्यवस्थित करू." आणि मनात म्हणाली, तेव्हाच म्हणेन तुला, चुकले म्हणून, पाळकांसमोर, रीतसर.

धाकटी हसली. "तू काही बदलायची नाहीस," म्हणाली, आणि तिने हट्ट सोडला. शुक्रवारी दोघी आईच्या गोष्टी काढून बसल्या. आईने एकदा देवळात जाताना उलटा झगा घातला होता आणि परत येईपर्यंत कोणी सांगायचं धाडस केलं नव्हतं, ते आठवून धाकटी पोट धरून हसली. पोट दुखतं म्हणाली, तरी हसली. थोरली त्या संध्याकाळी पाळकांना रविवारचं सांगून घरी गेली आणि कापड भिजत घातलं.

शनिवारी सकाळी सातला ती लॉन्ड्रीत आली, तर दारात मावशी उभ्या. तोंड पाहूनच तिला कळलं.

"मी पलीकडच्या खाटेपाशी होते," मावशी सांगायला लागल्या. "पाच मिनिटं, बाई. फार तर पाच. इकडे वळून बघते तर... तुम्हाला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. माझं लक्ष असायला हवं होतं."

"तुमची काही चूक नाही, मावशी," थोरली म्हणाली.

किती सहज म्हणाली. ना कापड लागलं, ना रविवार. मावशींना पहिल्या फटक्यात मिळालं ते, आणि धाकटीने नऊ वर्षं त्याची वाट पाहिली, शेवटचे तीन दिवस तर त्या हातांकडून केस विंचरून घेत पाहिली. थोरलीने स्वतःचे शब्द ऐकले आणि ती तिथेच, ओल्या कपड्यांच्या ढिगाऱ्यावर, मटकन खाली बसली.

धाकटी गेल्याचा निरोप पाळकांना द्यायचं राहूनच गेलं. रविवारी दुपारी ते ठरल्याप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर आले, हातात भाकर आणि प्याल्याची छोटी पेटी. चौदा नंबरवर गादी गुंडाळून ठेवली होती आणि लोखंडी खाटेच्या कडेवर थोरली एकटीच बसली होती. ती कशाला आली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. पाळकांनी रिकामी खाट पाहिली आणि ते शेजारी बसले.

"दोघींचं ठरलं होतं," ती म्हणाली. "ती गुरुवारीच म्हणत होती. मीच आज म्हटलं."

पाळकांनी पेटी मांडीवर घेऊन उघडली. मग म्हणाले, "तुम्हाला देऊ?"

"माझी लायकी नाही हो."

"ते मी विचारलं नाही, बाई. तो बोलावतोय. येता का?"

नंतर, असं म्हणायची आता तिची हिंमत नव्हती. तिने हात पुढे केला. वॉर्डात भांड्यांचा आवाज चालला होता, पलीकडची बाई खोकत होती, खाटेच्या पट्ट्या मांडीला रुतत होत्या. नऊ वर्षांनी तिने भाकर तोंडात घातली. आपल्याला माफ केलंय, हे तिला त्या घासाबरोबर अगदी स्पष्ट कळलं, आणि म्हणूनच तो घास तिला गिळवेना.

"चुकले गं मी," ती मोठ्याने म्हणाली. पलीकडची बाई वळून पाहायला लागली. "तुझी काही चूक नव्हती."

पाळकांनी प्याला पुढे केला. त्यात दोघींपुरतं ओतलेलं होतं.