ऑर्लीनचं वेगळं पातेलं

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात राहणाऱ्या ऑर्लीन स्टिडहमला मधुमेह निघाला, तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांची ताटं वाढली. स्वतःच्या ताटाकडे तिने त्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. कमी मिळकतीच्या लोकांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या कार्डावर ती अंडी, दूध, पालेभाजी आणि थोडी कोंबडी आणायची, आपल्या लहान पातेल्यात शिजवायची. वर्षभरात साखर आटोक्यात आली.

मग ओढ्याच्या पुरात धाकट्या बहिणीचं, आयडेलचं घर वाहून गेलं आणि ती ऑर्लीनकडे राहायला आली. आयडेलला नवऱ्याचं खाणीतलं पेन्शन होतं. तिला लागायचे डुकराच्या चरबीत शिजवलेले घेवड्याचे दाणे आणि मक्याचा गोड पाव. त्यामुळे दोघींचा बाजार वेगळा, पातेली वेगळी. कार्डाचा नियमही तसाच होता: एका छपराखाली राहूनही जो आपलं आणतो, आपलं शिजवतो, त्याची मिळकत वेगळी धरायची.

मार्चमध्ये कार्यालयाचा चौकशीचा फोन आला. ऑर्लीन दवाखान्यात गेली होती, म्हणून आयडेलने घेतला. महिन्याने पत्र आलं. घर एक, मिळकत एक, कार्ड बंद.

“काय सांगितलंस तू त्यांना?”

“त्या बाईने विचारलं, स्वयंपाक एकत्र का? म्हटलं, मॅडम, आम्ही डोंगरातली माणसं. आमच्यात सख्ख्या बहिणी वेगळ्या चुली मांडत नाहीत!”

“अगं, पण आपण मांडतो! रोज, तुझ्या डोळ्यांदेखत.”

“ते घरातल्या घरात. ती बाई आपल्याच चर्चमधल्या कुणाची सून निघाली असती तर? अख्खं खोरं म्हणालं असतं, आयडेल बहिणीच्या घरात राहते आणि तिला घासभर देत नाही.”

“नियम तुला ठाऊक होता, आयडेल. माझा चष्मा फुटला होता, तेव्हा तूच मला कार्डाचा नवा अर्ज वाचून दाखवलास.”

आयडेलने दाणे ढवळायला घेतले. “मग काय उपाशी मारणार आहे का मी तुला? माझ्यातलं खा की.”

चूक झाली असं बहिणीने सहीनिशी लिहून दिलं, तर प्रकरण पुन्हा उघडू, असं कार्यालयाने कळवलं. ऑर्लीनने कागद तयार केला. दोनच ओळी. आयडेलने त्या दोनदा वाचल्या आणि कागदाची घडी घालून परत दिला.

“रविवारी मी मुलांना बायबल शिकवते. खोटं बोलले, असं लिहून देऊ होय? जीव गेला तरी देणार नाही.”

“जीव माझा जाईल,” ऑर्लीन म्हणाली.

एप्रिल गेला, मे गेला. अंडी संपली, पालेभाजी संपली. उरले ते आयडेलचे दाणे आणि पाव. जूनमध्ये दवाखान्यातल्या नर्सने बोट टोचून आकडा पाहिला. दोनशे ब्याण्णव.

“काय हो मिस ऑर्लीन, एवढे लाड कोण करतंय हल्ली तुमचे?”

“माझी बहीण,” बोटावरचा कापूस दाबत ऑर्लीन म्हणाली. “सरकारलाही तिने तसंच सांगितलंय.”