घागर बाजूला ठेवून बसलेली बाई

आमच्या ओसरीवर दाराच्या उजव्या अंगाला एक रिकामी चौकट टांगलेली आहे. सागवानी आहे, कडेनं वेलबुट्टी आहे, आणि मधी नुसती भिंत दिसते. घराला रंग द्यायला माणसं आली की ती उतरवतात, रंग वाळला की मी परत खिळ्याला अडकवतो. नातसुनेनं एकदा ती चुलीपाशी सरपणात नेऊन ठेवली होती. मी ताटावर बसलो नाही, तवा ती परत जाग्यावर आली.

मुलीचा मुलगा माझ्यापाशीच राहतो, त्या नातवानं औंदा बैठकीत नवी चित्रं लावली. एक धबधबा आणि एक पळणारे घोडे. सोफ्याच्या रंगाला जुळतात म्हणाला. मी म्हणालो, चित्र काय सोफ्याला बघायचंय व्हय? तो हसला आणि गेला. म्हाताऱ्याला कशातलं काय कळतंय, असं त्याच्या मनात आलं असंल. मी उर्दू दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. निजामाच्या राज्यात शाळेत मराठी नव्हतं, आमची मराठी अक्षरं मोठेपणी बाजारातल्या पाट्या वाचून लागली. पण घरात तसबीर कोणती लावावी, हे मला कळतं. माझ्या बायकोनं शिकवलं. ती घरात नांदली थोडी वर्षं, पण तेवढं शिकवून गेली.

माकणीजवळ तेरणेच्या काठाला आमचं गाव. लग्नाला वर्ष झालं असंल, तवा तूर अडतीवर घालायला उमरग्याला गाडी निघाली होती आणि ती माहेराहून परत यायची म्हणून वाटेत गाडीत बसली. तूर घातली आणि मी म्हणालो, घराच्या भिंती बोडक्या आहेत, एक तसबीर घेऊ. मशिदीच्या बोळात एका चाचाचं काच-तसबिरीचं दुकान होतं. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि भोवती सगळे आमचे देव. राम, मारुती, लक्ष्मी, सगळे भिंतीला टेकून रांगेत उभे, आणि मधी हा काच कापत बसलेला. कोणत्या घरात कोणता देव चालतो, हे त्याला तोंडपाठ. लढाईची तसबीर मागायला आलेल्या एका माणसाला त्यानं आमच्या देखत परत पाठवलं. भाऊ-भाऊ एका घरात राहता ना, मग ही नका नेऊ, म्हणाला.

मला घोड्यावरचा राजा पाहिजे होता. मोठा, दारातून येणाऱ्याच्या डोळ्यांत भरावा असा. मी तो काढून घेतलाही. बायको मात्र दुकानाच्या कोपऱ्यात एका बिनचौकटीच्या कागदापुढं उभी. नदीच्या पायरीवर एक बाई बसली होती. पदर खांद्यावर, हात मांडीवर, पाण्याकडं बघत. घागर बाजूला ठेवलेली. ना मुकुट, ना शस्त्र, ना खाली नाव.

मी विचारलं, हिच्यात काय आहे?

ती म्हणाली, "अवो, हिला कुणी हाक मारंना झालंय."

मला तवा ते नीट उमगलं नाही. घरी आई होती, दोन नणंदा होत्या, जनावरं होती, आणि पहाटेपासून तिच्या नावाचा पुकारा चालायचा, हे मी रोज ऐकत होतो, पण ऐकत होतो म्हणजे कळत होतं असं नाही. मी हट्टी माणूस. घेतलेली वस्तू परत ठेवणं मला माहीत नाही. पण त्या दिवशी राजा मी माझ्या हातानं जाग्यावर ठेवला. ती काही मागायची नाही, आणि पहिल्यांदाच तिनं कशाकडं तरी एवढा वेळ बघितलं होतं.

चाचानं चौकट बसवताना मला बजावलं, "बेटा, देव बदलून देतो मी. बाई बदलून देनार न्हाई. घरी विचारलंय ना?"

घरी विचारलं नव्हतं. आईनं तसबीर हातात घेतली, दिव्यापुढं धरली, देव नाही एवढं दिसलं आणि मान फिरवली. परत नीट बघितलंच नाही. म्हणाली, "बाईमाणूस बसलेलं भिंतीला लावायचं? बघून बघून घरातल्या बाया बी बसत्याल."

घरात आईचा शब्द म्हणजे शेवटचा. तसबीर कणगीच्या मागं गेली. चाचा बदलून देत नाही, हे मी सांगितलं. आई म्हणाली, मग उंदरांना दाव.

नवरात्राच्या आधी बायकोनं ती गुपचूप बाहेर काढली. मला मागचे खिळे उपटायला लावले. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. तिच्या लग्नाच्या चोळीचा हिरवा खण होता, त्याचा कोपरा कापून त्या बाईच्या लुगड्यावर डकवला. पदराची जर उसवून काठ केला. बेगडाचा मुकुट कापला, गळ्यात टिकल्यांची माळ, नाकात बारीक मोती. घागरीच्या तोंडावर हिरव्या कागदाची पानं आणि वर नारळ. घागरीचा कलश झाला. ती हे करत होती आणि मधूनमधून तिला हसू येत होतं. चेहरा मात्र तिनं तसाच ठेवला. टिकलीसुद्धा लावली नाही. मी म्हणालो, देवीला कुंकू नको? सासूला ती आत्याबाई म्हणायची. म्हणाली, आत्याबाई लावतील काचेवरनं, चेहरा हिचाच ऱ्हाऊ द्या.

मी काच बसवून मागनं खिळे ठोकले आणि आईला सांगितलं, भांडून बदलून आणली. माझा स्वभाव बघता आईला ते खरं वाटलं. तिनं तसबीर घेतली, कपाळाला लावली आणि विचारलं, कोणती आई म्हणायची ही? बायको म्हणाली, पाणवठ्याची. तसबीर देवळीत देवांच्या शेजारी गेली. त्या नवरात्रात शेजारच्या बायका ओटी घेऊन आल्या. बायको चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, आणि मी आत गेलो की तोंडाला पदर लावायची.

नंतर मुलगी झाली, आणि बाळंतपणातच बायको गेली. यापेक्षा जास्त मी लिहीत नाही. लिहिता येत नाही म्हणून नाही.

तिचा फोटो नव्हता. त्या काळात आमच्या गावात फोटो कुणाचाच नव्हता. पोर लई अशक्त होती. गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजावं लागे. आई रोज त्या तसबिरीपुढं उदबत्ती लावून रक्षा पोरीच्या कपाळाला लावायची आणि म्हणायची, घेतलीस तेवढी बास, ही ठेव. पोर जगली. आईच्या मनात पक्कं बसलं की पाणवठ्याच्या आईनं ती ठेवली.  आई तसबिरीला फुलं घालायची, आणि मी बाजूला बसून त्या हिरव्या खणाच्या तुकड्याकडं बघायचो. सगळ्या घरात बायकोची म्हणावी अशी तेवढी एकच चीज उरली होती. बाकीची लुगडी नणंदांनी नेसून फाडली. त्यात त्यांची चूक नाही, कापडाची टंचाई होती.

मग रझाकारांची धास्ती सुरू झाली. आजूबाजूची गावं हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला सरकू लागली. आम्हीही गाडी भरली. आईनं धान्याच्या आधी तसबीर बांधली, वाकळेत गुंडाळून. पलीकडं पाहुण्यांच्या गोठ्यात आम्ही राहिलो आणि पोलीस ॲक्शन झाल्यावर घरी आलो. आईनं वाकळ सोडली. काचेला मुकुटापासून पायापर्यंत तडा गेला होता. वाटेत ओढ्यात चाक आदळलं होतं, तवाच गेला असणार.

आमच्याकडं तडा गेलेली देवाची तसबीर घरात ठेवत नाहीत. खंडित झाली, नदीला द्यायची. आई तोंडाला पदर लावून बसली. मी म्हणालो, नवी काच बसवून आणतो. आई म्हणाली, अमावास्येच्या आत आण, त्यापुढं घरात न्हाई ठेवायची.

मी उमरग्याला गेलो. मशिदीच्या बोळात चाचाच्या दुकानाला बाहेरून कडी होती आणि फळ्यांच्या फटीतून आत काचांचा चुरा दिसत होता. शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, गेला. कुठं? त्यानं हात हलवला. ज्या भीतीनं आम्ही गाडी भरून गेलो होतो, ती भीती आम्ही परत येईपर्यंत वळून त्याच्या दाराला आली होती. आमची गाडी घरी आली, त्याची आली नाही. मी त्या पायरीवर थोडा वेळ बसलो. दुसरा कुणी काच कापणारा उमरग्यात त्या दिवसांत मिळाला नाही, आणि सोलापूरची वाट तवा धड नव्हती.

घरी येताना गाडीत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. आईला खरं सांगावं. ही देवी नाही, चाचाच्या कोपऱ्यातली बाई आहे, हिला तडा गेला काय आणि न गेला काय. एवढं बोललो असतो तर तसबीर राहिली असती. पण मग आईनं रोज हात जोडले ते कुणाला? पोर कुणी ठेवली? आणि गेलेल्या सुनेला आई काय म्हणाली असती? तिला आपली बाजू सांगायलाही येता येणार नव्हतं. मी कुणापुढं तोंड मिटून बसणारा माणूस नाही, सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्या वेळेला मिटलं. आजही तेच करीन.

तेरणेला पाणी होतं. आई हळद-कुंकू घेऊन पायरीवर बसली, पोर तिच्या मांडीवर. मी घरीच खिळे काढून चौकट आणि काच वेगळी केली होती. आई म्हणाली, चौकट बी सोड. मी म्हणालो, लाकूड काय देव न्हाई. त्यावर तिनं वाद घातला नाही.

कमरेइतक्या पाण्यात जाऊन मी कागद पाण्यावर धरला. खळ पिठाची, ती लगेच सुटायला लागली. आधी टिकल्या निघाल्या, मग मुकुट. जर मोकळी झाली. शेवटी तो हिरवा खण कडेनं उचलला गेला आणि पाण्याबरोबर हातातून निघाला. मी धरायला गेलो, पण एका हातात कागद होता. खाली ती बाई जशीच्या तशी होती, चाचाच्या दुकानात होती तशी. घागर बाजूला. पाण्याकडं बघत.

मी तिथंच उभा राहिलो. मागनं आईनं हाक मारली, "आरं, सोड की आता. पोरगी कुडकुडायलीय."

मी सोडली.

आई जाऊन लई वर्षं झाली. त्या घाटावर आता धरणाचं पाणी आहे, पायऱ्या कुणाला दिसत नाहीत. मी पुढं दुसरं लग्न केलं नाही. माणसं आली, बोलली, गेली. घरात तसबिरी बऱ्याच आल्या, कुणाकुणाच्या पसंतीच्या. त्या चौकटीत मात्र कुणाचं काही बसवू दिलं नाही. वाण्यानं दिलेलं कॅलेंडरसुद्धा नाही.

मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. दिवाळीला आली होती. नातवाची ती चित्रं बघून ओसरीवर आली आणि चौकटीकडं बघत म्हणाली, "दादा, यात काय होतं वो? मला काहीतरी चकाकलेलं आठवतंय."

मी म्हणालो, तुझ्या आईनं पसंत केलेली तसबीर होती. एक बाई होती.

"कोणची बाई?"

"कोणची न्हाई. नदीवर बसली होती."

"काय करत होती?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "नुसती बसली होती."

ती उंबऱ्याला टेकली, पदर खांद्यावर घेतला आणि अंगणाकडं बघत राहिली. तिच्या आईचा चेहरा मला आता पक्का आठवत नाही, म्हणून सारखेपणा होता की नाही हे मी सांगू शकत नाही. आतून नातसुनेनं तिला हाक मारली, चकल्या तळायला कढई ठेवली होती. परत मारली.

मी आत जाऊन नातसुनेला म्हणालो, कढई उतरव. ऱ्हाऊ दे तिला.