मुंग्या लागलेली बाटली

दारूबंदी आली आणि आमच्या दवाखान्यात लघवीच्या बाटल्यांची रांग लागली. मी तिथल्या तपासणीच्या खोलीत मदतनीस होतो. वय बावीस, अंगात पांढरा कोट आणि डोक्यात हवा. डॉक्टरांनी एकदा समजावून सांगितलेलं मी भेटेल त्याला ऐकवत असे: तोंडाचा वास लवंग चघळून लपवता येतो, पण प्यालेली दारू रक्तातून लघवीत उतरते आणि काही तास तिथं सापडते. लघवी तापवून तिची वाफ नारिंगी औषधात सोडायची. दारू असली तर औषध हिरवं होतं. हिरवं झालं की मला चोर पकडल्याचा आनंद व्हायचा. आज त्याची लाज वाटते.

आमच्या गल्लीतले चाचा बसवर ड्रायव्हर होते. पाच वेळचे नमाजी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. त्या चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जादा गाड्या सुटल्या आणि चाचांची गाडी डोंगराच्या वळणावर चरात उतरली. कुणाला खरचटलंही नाही. पण चाचा खाली उतरले ते झोकांड्या खात, आणि तोंडाला नासक्या फळासारखा गोडसर वास. बंदोबस्तावरच्या पोलीस जमादारानं ओळखायचं ते ओळखलं आणि त्यांना आमच्याकडे आणलं.

लघवी मीच घेतली. बाटल्या आम्ही नुसत्या पाण्यानं खळबळून घ्यायचो. लघवी नासू नये म्हणून त्यात टाकायची पूड संपली होती, आणि डॉक्टर यात्रेच्या बंदोबस्तात गुंतलेले. बाटली तीन दिवस खिडकीत उन्हात पडून राहिली. चौथ्या दिवशी उचलली तर बुचाभोवती काळ्या मुंग्या. मी फडक्यानं त्या झटकल्या, दोन शिव्या हासडल्या आणि कामाला लागलो.

औषध हिरवं झालं.

संध्याकाळी चाचा आणि चाची आमच्या दारात आले. चाची म्हणाली, "बाळ, परत एकदा बगतोस का? ह्येंनी जल्मात शिवलेली न्हाय."

चाचा हळूच म्हणाले, "तूच सांग की, माझ्या पोटात दारू आली कुठनं?"

"चाचा, बाटली खोटं बोलत न्हाय," मी म्हणालो. ज्यांच्या खांद्यावर बसून मी दसऱ्याची मिरवणूक पाहिली होती, त्यांना मी हे ऐकवलं.

चाचांची नोकरी गेली. मशिदीत ते मागच्या रांगेला उभे राहू लागले. वाळत चालले. घागरभर पाणी पीत, पण ते फक्त स्वतःच्या घरचं. कुणाच्या हातचा चहासुद्धा घेईनासे झाले. गल्लीवर रुसले असतील, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांनी एका दुपारी चाचांना बेशुद्ध उचलून आणलं. तोंडाला तोच गोडसर वास. नवे डॉक्टर वाकले आणि म्हणाले, "हा वास मधुमेहाचा आहे. लघवीत साखर बघा."

साखरेसाठीचं निळं औषध घालून मी नळी तापवली. ते विटेसारखं लाल झालं. नळी हातात धरून मी उभा होतो आणि डोळ्यांपुढे त्या मुंग्या चालत होत्या. सगळं डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "साखरेची लघवी उन्हात तीन दिवस ठेवलीत, तीही न उकळलेल्या बाटलीत? मग ती आंबणारच. उसाचा रस आंबतो तशी. दारू बाटलीतच तयार झाली." म्हणजे चाचांनी ती प्यायली नव्हती. माझ्या खिडकीत मीच ती गाळली होती.

सुया टोचल्या, पण उपयोग झाला नाही. दिवस मावळायच्या आत चाचा गेले.

चाची पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि मुंग्यांपासून सगळं सांगितलं.

"ह्येंनी प्यायली न्हवती त्ये मला ठावंच हुतं," ती म्हणाली. "पर ह्येंचा तुज्यावर इस्वास. पोरगं शिकलंय, बाटली खोटं बोलत न्हाय म्हणतंय, म्हंजी कुणीतरी चहात घालून पाजली आसंल म्हणायचे. त्या भ्यानं दोन वर्सं कुणाच्या दारात घोटभर पाणी घेतलं न्हाय."