वाळू भरलेली सॅक

दादा जिन्यात कोसळला आणि तिथंच गेला, हे हसमुखभाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार असा, की यानं सराव पुन्हा सुरू केला होता की काय! असं मनात येणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. “बेन, हाथ में सिर्फ भाजी का थेली था...” दादाचे हे शेजारी रडत रडत सांगत होते. मलाही रडू आलं, नाही असं नाही. पण ते निम्मं रागाचं होतं. नंतर सोसायटीच्या शोकसभेत जो उठला तो म्हणाला, ‘हिमालयाचा वेडा माणूस होता.’ माझ्या भावानं हिमालय कधी पाहिलाच नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. तो होता तेव्हा त्याच्यापुढं खरं बोलायची सोय नव्हती, आता तो गेल्यावरही नाही. मग बोलायचं तरी कधी?

गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आलो ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. दादा, वहिनी आणि बिनलग्नाची मी. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, नळाला पाणी नाही. टँकर यायचा, आणि त्याचा हॉर्न वाजला की सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन खाली धावायच्या. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दादा तेव्हा गॅलरीत उभा राहून वरून सूचना द्यायचा. सूचना देणं हा त्याचा स्वभावच होता, आणि ‘आधी मी पाहून येतो’ हे त्याचं आवडतं वाक्य. वहिनीला दाखवायचा डॉक्टर तो आधी पाहून यायचा, दिवाळीच्या साड्यांचं दुकान आधी पाहून यायचा. मला सांगून आलेली दोन स्थळंही तो अशीच आधी पाहून आला, आणि परस्पर नाकारून आला.

माझ्या ऑफिसात कमला नावाची, हिमालयातल्या कुमाऊंकडची मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. डब्यातलं लोणचं देता देता ती गावाबद्दल सांगायची. गाडी एका पुलाशी थांबते, पुढं चालतच जायचं. वाटेत दोन-तीन वाड्या लागतात, संध्याकाळ झाली तर कुणाच्याही घरी थांबायचं, भाकरी मिळतेच. “आओ ना शालूदीदी, माँ अकेली है, खुश हो जाएगी.” समुद्रसपाटीला, मिठागरांच्या कडेला राहणाऱ्या बाईला ते ऐकून काय झालं असेल! मला जायचं होतं. आयुष्यात इतकं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी एका रविवारी चहाच्या वेळी घरी सांगितलं... आणि तिथंच चुकलं. दादानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “कल्पना चांगली आहे. पण वाट कशी आहे, माणसं कशी आहेत, काय माहीत? आधी आम्ही पाहून येतो. मग तुला नेतो.”

‘आम्ही’ म्हणजे तो आणि हसमुखभाई. पुढच्या रविवारपासून आमच्या पलंगावर नकाशा पसरला गेला. त्या नकाशावर कमलाचं गाव नव्हतंच. म्हणून दादानं ते स्वतःच्या अंदाजानं पेन्सिलीनं काढलं, आणि कमला सांगते ते चूक आहे असं मला समजावलं. बुटांवर चर्चा, विड्या ओढाव्यात की नाही यावर चर्चा, मोहिमेचा प्रमुख कोण यावरही चर्चा. माणसं दोन! बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि वर रविवारची गरम भजी मात्र खरी, वहिनीनं तळलेली. एकदा दोघं घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत चालत गेले आणि रिक्षानं परत आले. मग दादाच्या लक्षात आलं की आपल्याकडं चढच नाही. सगळी जमीन ताटासारखी सपाट. चढ होता तो एकच, आमचा जिना.

समोर इमारती उठत होत्या, वाळूला तोटा नव्हता. वॉचमनला चहा पाजून दोघांनी पाठीवरच्या सॅका वाळूनं भरल्या आणि दर रविवारी सकाळी जिन्यावर चढउतार सुरू झाली. टँकरही बहुधा त्याच वेळी यायचा. म्हणजे जिन्याच्या एका बाजूनं बायका पाणी चढवताहेत आणि दुसऱ्या बाजूनं हे दोघं वाळू! एकदा दादा सगळ्यांदेखत वहिनीवर खेकसला, “एका कडेनं चाल ना! आमची लय तुटते.” वहिनीच्या डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. ती कडेला सरकली. माझं डोकं फिरलं. मी कळशी खाली ठेवली आणि म्हटलं, “दादा, ती वाळू काढ आणि सॅकेत पाण्याचे डबे घाल. तुझा सरावही होईल आणि घरात पाणीही येईल.” त्यानं माझ्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहिलं. “पाणी हलतं. तोल जातो. डोंगरात हलणारं वजन चालत नाही.” हसमुखभाईंनी मान डोलावली, “बेन, वो टेक्निकल बात है.” जिन्यात उभ्या असलेल्या बायका हसल्या. रोज हलणारंच वजन चढवत होत्या त्या.

मग मी त्याची सॅक ओढून घेतली, पाठीला लावली आणि तळापासून गच्चीपर्यंत न थांबता चढून परत खाली आले. शेजारच्या पाटीलकाकू म्हणाल्या, “हिलाच घेऊन जा की हो भावजी!” मी दादाला विचारलं, “आता?” त्यानं सॅक माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली, पट्टे सारखे केले आणि शांतपणे म्हणाला, “जिना म्हणजे काय हिमालय आहे?”

हे त्याचं वाक्य मी त्याला कधी माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

ते कधी गेलेच नाहीत. एका वर्षी हसमुखभाईंच्या मुलीचं लग्न, एका वर्षी दादाचा गुडघा, एका वर्षी तिकडं भूस्खलन झाल्याची बातमी. मोहीम रद्द झाली असं मात्र दादा म्हणायचा नाही. पुढं ढकलली म्हणायचा. कमला दरवर्षी गावाहून यायची आणि माझ्या टेबलावर अक्रोडांची पिशवी ठेवायची, “माँ ने भेजा है. बोली, आए नहीं तुम लोग?” ते अक्रोड दादा मोहिमेच्या बैठकीत फोडून खायचा. तू तेव्हाच एकटी का गेली नाहीस, असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. त्या काळी मोठ्या भावाच्या घरात राहून ज्यांनी नोकरी केली, त्या विचारत नाहीत. पुढं मी पुढच्या स्टेशनाजवळ जेसल पार्कला स्वतःची एक खोली घेतली, पण तोवर कमलाची दिल्लीला बदली झाली होती आणि मागण्यातली माझी उमेद गेली होती. दादानं माझं काही हिसकावून घेतलं असतं तर मी भांडले असते. त्यानं ते घेतलं, जपून ठेवलं आणि वापरलंही नाही... याला काय म्हणायचं?

तेराव्यानंतर वहिनीनं माळा आवरायला घेतला. सॅक निघाली ती आम्हा दोघींना मिळून उतरवावी लागली, कारण वाळू तशीच होती. इतकी वर्षं ओल धरून दगड झालेली. “तुला हवी का गं?” वहिनीनं विचारलं. मी ती खाली नेली, उलथी केली, काठीनं ठोकून ठोकून मोकळी केली. मग घरी आणून धुतली आणि त्याच संध्याकाळी कमलाला दिल्लीला फोन लावला. आई आहे, अजून विचारते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला सांगायला गेले की मी चालले. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, “शालू, मला नेशील?” आणि खरं सांगते, माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. वाट कशी आहे, तिथं तुला झेपेल का, आधी मी... शब्द दातांपर्यंत आले होते. आवाजही त्याचाच होता.

“चल,” मी म्हटलं.

सॅक गॅलरीत दोरीवर वाळते आहे. किती वेळा धुतली, तरी शिवणींतून वाळू गळतेच. मी रोज सकाळी झाडते, आणि दुसऱ्या सकाळी ती फरशीवर असतेच.